फुरसे, विंचू आणि आंब्याची शिडी

कोकणात रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात, आणि माणसाला साप चावला तर 'पान लागलं' एवढेच सांगतात. शब्द टाळला म्हणजे संकट टळते, ही समजूत जुनी आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पान लागल्यानंतरच्या पहिल्या तासाशी. संगमेश्वर तालुक्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. दरवर्षी गवतकापणीच्या आधी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना बसवून प्रथमोपचाराचे दोन तास घेत असे. निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही. त्या तासांत जे प्रश्न आले आणि वाडीवस्तीवर जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे सापाच्या विषाइतकाच घात त्यावरचा घरगुती उपाय करतो.

रत्नागिरी जिल्ह्याचा खरा साप म्हणजे फुरसे. नाग देवळात पुजला जातो, गोष्टी त्याच्याच सांगितल्या जातात. पण सड्यावर, गडग्याच्या चिऱ्यांच्या फटीत, काजूच्या पातेऱ्यात तुमच्या बोटाची वाट बघत बसलेले असते ते फुरसे. जेमतेम फूटभर लांब, मातकट रंगाचे, डोक्यावर बाणासारखी खूण. डिवचले की वेटोळे घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासते आणि करवत चालल्यासारखा खरखर आवाज करते. जांभ्याचा सडा त्याला इतका मानवतो की इंग्रजांनी या जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावले, तेव्हा 1862 च्या डिसेंबरात आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली, अशी सरकारदरबारी नोंद आहे. एवढी मारूनही फुरसे संपले नाही. ते पिल्ले घालते, एका वेळी अनेक. तेव्हा काठी घेऊन सडा साफ करण्याचा नाद सोडलेला बरा.

या फुरशाचे विष रक्तावर चालते. रक्त गोठवणारे घटक ते वापरून संपवते आणि मग रक्त गोठेनासे होते. चावल्या जागी सूज, आग. नंतर हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, जुन्या जखमा पुन्हा वाहू लागतात. आता विचार करा, अशा माणसाच्या पायावर ब्लेडने चीर द्यायची म्हणजे काय करायचे? ज्याचे रक्त थांबणार नाही त्याला आपण नवी जखम करून देतो. तोंडाने विष ओढून काढण्याचेही तसेच. सिनेमात नायक ते करतो, कारण त्याला पुढच्या दृश्यात गाणे म्हणायचे असते. विष सुईने टोचल्यासारखे मांसात गेलेले असते, ते ओठांनी परत येत नाही.

फुरशाचे दुसरे लक्षण म्हणजे सावकाशी. नाग चावलेला माणूस तासाभरात डोळे मिटू लागतो. फुरशाचा माणूस त्या संध्याकाळी चहा पितो, गप्पा मारतो. आमच्या शेजारच्या वाडीतली एक बाई गवत कापताना अशीच सापडली. बोटाला दोन ठिपके, थोडी सूज. उतरवणाऱ्याकडे नेले, त्याने पाला चोळला, दोरा बांधला, मंत्र म्हटला. रात्री बाई बरी होती. दुसऱ्या दिवशी भात रांधलान, अंगण झाडलान. तिसऱ्या दिवशी दात घासताना रक्त थांबेना, संध्याकाळी डोके दुखतेय म्हणाली, आणि रत्नागिरीच्या रस्त्यावर गाडीत गेली. मागे दोन मुले. त्यातला थोरला माझ्या वर्गात होता. उतरवणाऱ्याची कीर्ती मात्र कमी झाली नाही. त्याचा हिशेब सोपा आहे: पुष्कळदा चावणारा साप बिनविषारीच असतो, विषारी असला तरी कित्येकदा विष सोडत नाही किंवा अगदी थोडे सोडतो. ते सगळे वाचलेले त्याच्या खात्यावर जमा होतात आणि गेलेले नशिबाच्या खात्यावर.

याला उत्तर म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यात एक चाचणी आहे, तिच्याइतकी साधी आणि सुंदर चाचणी मला दुसरी माहीत नाही. काचेची कोरी, कोरडी नळी घ्यायची. तीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही. मग ती तिरपी करायची. रक्त गोठले असेल तर तूर्त ठीक, पुन्हा ठरावीक वेळाने बघायचे. पातळच राहिले असेल तर विष भिनले आहे, सलाईनमधून प्रतिविष चालू. यंत्र नको, वीज नको. नळी मात्र काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि ती साबणाने धुतलेलीही नको. मी वर्गात ही चाचणी सांगतो तेव्हा मुले पहिल्यांदा सरसावून बसतात, कारण मंत्राला जे पुढे करता येत नाही ते इथे समोर दिसते.

प्रतिविषाचीही हकीकत त्यांना आवडते. फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी 1895 च्या सुमारास ते पहिल्यांदा वापरात आणले. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देत जायचे, त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढायची. मुंबईच्या परळची हाफकिन संस्था या कामात फार जुनी. आपल्याकडचे प्रतिविष चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. म्हणून कुठला साप होता हे कळले नाही तरी उपचार अडत नाही. साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणू नका. मेलेल्या सापाचे डोकेही चावते. झाडीतला हिरवा चापडा मात्र या चारांत बसत नाही. त्याच्यावर हे प्रतिविष बनवलेले नाही, तिथे डॉक्टर लक्षणे बघून उपचार करतात.

मग वाडीवर आपण करायचे काय? फार थोडे, आणि ते थोडेच नीट. माणसाला आहे तिथे बसवायचे किंवा निजवायचे. धावू द्यायचे नाही, चालूही द्यायचे नाही, कारण स्नायू हलले की विष पुढे सरकते. अंगठी, बांगड्या, जोडवी, पायातला काळा दोरा ताबडतोब काढायचा. तासाभरात सूज चढली की जोडवे कापायला सोनार शोधावा लागतो. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा काठीला किंवा फळीला सैलसर बांधून स्थिर करायचा. घट्ट दोरी आवळायची नाही. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटून पाय सडलेले मी पाहिले आहेत, आणि ती दोरी दवाखान्यात एकदम सोडली की अडलेले विष एकदम अंगात जाते. दारू नको, बर्फ नको, दुखण्यावर ॲस्पिरिनसारखी गोळी तर मुळीच नको, ती रक्त आणखी पातळ करते. चावल्याची वेळ लक्षात ठेवायची. आणि निघायचे.

मण्यारीचे प्रकरण निराळे. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दात इतके बारीक की जाग येईलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे जिभेत अडकते. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले. अशा वेळी श्वास थांबला तरी माणूस गेला असे समजू नये. हृदय चालू असते. तोंडाने श्वास देत, दवाखान्यात पोहोचल्यावर फुग्याने हवा देत, त्याला तासन्‌तास जगवता येते. नीट खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. डासांचा फायदा वर फुकट.

ज्यांना हा सगळा जुन्या काळचा विषय वाटतो, त्यांच्यासाठी एक आकडा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्षित हा शब्द अगदी बरोबर आहे, कारण मरणारा शेतात मरतो.

विंचवाची गोष्ट मात्र अभिमानाने सांगण्यासारखी आहे, आणि ती आपल्या शेजारचीच आहे. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या शास्त्रीय नावातच 'कोंकणेन्सिस' असा शब्द आहे. पूर्वी हा विंचू चावलेले धडधाकट गडी आणि लहान मुले रातोरात जात. गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीसपर्यंत दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून एकेक लक्षण टिपू लागले. उलटी, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, तोंडाला लाळ, मग रक्तदाब चढतो आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून माणूस आपल्याच फेसात बुडतो. 1982 मध्ये त्यांची ही निरीक्षणे 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध वापरून पाहिले, आणि 1986 मध्ये त्याविषयीही तिथेच लिहिले. विंचवाचे विष शरीरातल्या ज्या खुंट्या पिरगाळते, त्याच खुंट्या हे औषध सैल करते. मृत्यूचे प्रमाण शेकड्याला एकाच्या आसपास आले. 2011 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी दाखवून दिले की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाडच्या एका दवाखान्यातले हे काम जगातल्या विंचवाच्या मुलुखांत अभ्यासले जाते, आणि आमच्याकडचे लोक अजून विचारतात, "विंचवाला उतारा कोण देतो?"

यात घरच्यांनी ओळखायची खूण एकच, आणि ती उफराटी आहे. जो भयंकर ठणक्याने बोंबलतो पण अंग कोरडे आणि उबदार आहे, त्याची काळजी तुलनेने कमी. ज्याचा ठणका फारसा नाही, पण उलटी होते आणि कपडे घामाने भिजतात, त्याला त्याच क्षणी उचला. चिरेखाणीत विजापूरकडून आलेले कामगार असतात, आंब्याच्या बागांत नेपाळी रखवालदार असतात. त्यांना ना फुरसे ठाऊक, ना हा विंचू. बागमालकांनी आणि खाणवाल्यांनी एवढी एक खूण त्यांना त्यांच्या भाषेत सांगितली तर पुष्कळ झाले. चिरा उचलताना आधी आपल्या बाजूची कड उचलू नये, पलीकडची उचलावी, हेही सांगावे.

रानात वाट चुकणे हाही असाच विषय. आमच्याकडे त्याला 'चकवा' म्हणतात. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडाखाली येतो. भुताचे मला ठाऊक नाही, पण 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात चालवून पाहिले. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की सरळ चालतोय असे वाटणारी माणसे गोल गोल फिरत होती. म्हणजे चकवा खरा आहे, लावणारा कोणी नाही. आपले जुने लोक सांगत की चकवा लागला तर खाली बस, उजाडेपर्यंत हलू नको. याहून चांगला सल्ला कुठल्या पुस्तकात नाही. उलट इंग्रजी पुस्तकांतला एक सल्ला इथे जीवघेणा आहे: वाट चुकल्यास ओढ्याच्या काठाने खाली उतरा. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणाच्या बाजूला ओढा धरून उतरलात की पावसाळी धुक्यात थेट कड्याच्या टोकावर पोहोचाल. ओढा खाली जातो, तुम्हाला जाता येत नाही. खाली तळकोकणात, पऱ्ह्याच्या काठाने गेल्यास बहुधा वाडी लागते. तो नियम तिथला, कड्यावरचा नव्हे.

विजेबद्दल दोनच वाक्ये. वळवाच्या दिवसांत उघड्या सड्यावरच्या एकट्या झाडाखाली उभे राहू नये. आणि वीज पडलेल्या माणसाला शिवल्याने शॉक बसत नाही, तेव्हा श्वास नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करावी, अशी माणसे पुष्कळदा परत येतात. आग्या मोहोळ उठले तर उभे राहून हात झाडत बसू नका, पळा, आणि काटे नखाने खरवडून काढा.

शेवटी उरतो तो रस्ता. 2014 पासून 108 क्रमांकाची गाडी आली, पण ती डांबरापर्यंत येते, आणि घाटाखालच्या कित्येक वाड्यांना डांबर अर्ध्या तासाच्या उतारावर आहे. तिथे अजून डोली लागते. चादरीच्या झोळीत माणूस वाकडा होतो, उलटी झाली तर घुसमटतो. म्हणून आमच्या वाडीने आंबे काढायची बांबूची शिडी ठरवून ठेवली आहे. वर दोन गोधड्या, आडवे तीन दोर, बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर. खांद्याला चार आणि बदलीला चार, पुढे एक बॅटरीवाला, आणि आधीच सड्यावर पळत जाऊन मोबाइलला रेंज मिळवणारा एक पोरगा. गेल्या भाद्रपदात गवताच्या माचाखाली एका म्हाताऱ्याला फुरसे चावले, तेव्हा शिडी घरातून रस्त्यावर पस्तीस मिनिटांत आली. नळीतले रक्त वीस मिनिटांनीही पातळच होते. आठव्या दिवशी म्हातारा घरी आला आणि आल्या आल्या विचारू लागला, माझी शिडी कुणी नेलान?