विजेने धरलेला माणूस
मंडळी, खांबावरच्या वायरमनला किंवा पंपापाशी शेतकऱ्याला विजेने धरले, की आपण धावत जाऊन त्याचा हात ओढतो. आणि एकाचे दोन बळी होतात. आधी वीज तोडा. घरातल्या जोडणीचे बटण सापडलेच नाही, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार सारा. उच्च दाबाच्या तारेजवळ मात्र वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जाऊच नका.

सुटलेला माणूस ओ देत नाही, श्वास नीट नाही? कुणाला तरी १०८ ला कळवायला सांगा आणि छातीच्या मधोमध हातावर हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. १९६० साली ही रीत मांडणाऱ्यांत कौवेनहोवेन हे विद्युत् अभियंतेच होते.

गुरुजी, ती मुलांकडून उशीवर गिरवून घ्या. डॉक्टर येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्याच्याच हाती असतात.