डीएसएलआर घ्यायचा की छोटा डिजिटल कॅमेरा? माकुणसारच्या खाडीवर गेलं की हिशोब कसा बदलतो

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत कामाला असलेला, माकुणसार-केळव्याकडचा पंचविशीतला एखादा पोरगा डोळ्यासमोर आणा. दिवाळीचा बोनस आणि काही महिन्यांची बचत मिळून चाळीसेक हजार जमलेत. फोनवर काढलेल्या खाडीच्या फोटोंना लाइक येतात, मित्र म्हणतात, "भावा, आता कॅमेरा घेच." पुढे-मागे एखाद्या हळदीची ऑर्डर मिळाली तर दोन पैसेही सुटतील, असा हिशोब मनात आहेच.

मग तो दुकानात जातो. दुकानदार दोन वस्तू काउंटरवर ठेवतो. एक मोठा, काळा, गळ्यात अडकवायचा डीएसएलआर. दुसरा खिशात मावणारा किंवा लांब झूमवाला डिजिटल कॅमेरा. दहापैकी नऊ जण मोठा उचलतात. मोठा म्हणजे प्रोफेशनल, हे आपल्या डोक्यात लग्नाच्या मांडवांनी पक्कं बसवलंय.

पण मोठा कॅमेरा घेतला म्हणजे चांगला फोटो मिळेलच असं नाही. कधीकधी तर मोठा घेऊनच पैसे वाया जातात. ते कसं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात सेन्सरपासून करावी लागेल.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्मची जागा घेणारी चिप. तिच्यावर जेवढा जास्त प्रकाश पडेल, तेवढा फोटो स्वच्छ. प्रकाश कमी पडला की फोटोत रवाळ ठिपके दिसायला लागतात, त्यालाच नॉइज म्हणतात. कॅननच्या १५००डी सारख्या सुरुवातीच्या डीएसएलआरमधला सेन्सर साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे क्षेत्रफळ ३३० चौरस मिलिमीटरच्या आसपास. स्वस्त कॉम्पॅक्ट आणि बहुतेक लांब झूमवाल्या कॅमेऱ्यांत जो १/२.३ इंची सेन्सर असतो, तो जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. म्हणजे बारापट फरक.

आता यातली मेख बघा. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सर या २८ पेक्षा मोठा असतो. म्हणजे "फोनपेक्षा बरं काहीतरी" म्हणून कोणी साधा, चार-पाचपट झूमचा स्वस्त कॉम्पॅक्ट घेतला, तर तो अंधारात फोनपेक्षा वाईट फोटो काढेल. जुन्या डिजिकॅमच्या रंगांची सध्या फॅशन आलीय, ती हौस म्हणून ठीक. सुधारणा म्हणून नाही.

या दोघांच्या मधे आणखी एक जात आहे. सोनीची आरएक्स१०० मालिका किंवा कॅननचा जी७एक्स यांच्यासारखे, एक इंची सेन्सर असलेले कॉम्पॅक्ट. (या "एक इंच" नावात गंमत आहे. सेन्सरचा कर्ण फक्त १६ मिलिमीटरच्या आसपास असतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलंय.) याचं क्षेत्रफळ साधारण ११६ चौरस मिलिमीटर. डीएसएलआरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं.

तर मग डीएसएलआरच जिंकला की! इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

किट लेन्सचा खेळ

सेन्सरवर किती प्रकाश पोचणार, हे लेन्सचं तोंड किती उघडतं यावरही ठरतं. ते एफ आकड्याने मोजतात आणि आकडा जेवढा लहान तेवढं तोंड मोठं. डीएसएलआरसोबत जी १८-५५ ची किट लेन्स येते, ती पूर्ण झूमवर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडते. जी७एक्स मार्क थ्रीची लेन्स पूर्ण झूमवरही एफ २.८ ला उघडते. ५.६ आणि २.८ यांत प्रकाशाचा फरक दुप्पट नाही, चौपट.

आता गुणाकार करा. कॉम्पॅक्टचा सेन्सर तीनपट लहान, पण लेन्समधून येणारा प्रकाश चौपट. म्हणजे पूर्ण झूमवर एकूण प्रकाश गोळा करण्यात खिशातला कॅमेरा गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या बरोबरीला येतो, किंचित पुढेही जातो.

म्हणजे किट लेन्सवरच थांबणाऱ्याने डीएसएलआरचा मोठा सेन्सर विकत घेतला, पण वापरला नाही. ट्रॅक्टर घेऊन फक्त बाजाराला जायला वापरावा, तसा प्रकार.

हेच चित्र दुसरी लेन्स आली की पार उलटतं. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स ही बहुतेक कंपन्यांची सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक. कॅननची साधारण दहा हजारांच्या आसपास मिळते. ती लावली की तोच डीएसएलआर त्याच एक इंची कॉम्पॅक्टच्या जवळपास सातपट प्रकाश गोळा करतो. झूम नसतो, पुढे-मागे पायांनी जावं लागतं, पण रात्रीच्या मांडवात हा फरक आंधळ्यालाही दिसेल.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न "कॅमेरा कोणता" हा नाहीच. प्रश्न आहे, पुढच्या वर्षभरात आपण दुसरी लेन्स घेणार आहोत का? उत्तर प्रामाणिकपणे "नाही" असेल, तर डीएसएलआरच्या वाटेला जाऊ नये.

आता खाडीवर या

माकुणसार हे पालघर तालुक्यातलं, सफाळे आणि केळवे यांच्यामधलं गाव. खाडी, खारफुटी, खाजण, जवळच केळव्याचा समुद्र आणि सुरूची झाडं. इथे फोटो काढायला जाणाऱ्याला पहिल्यांदा खुणावतात ते पक्षी. बगळे आणि खंड्या तर आहेतच, हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यांवर आणि खाड्यांत तुतवार, चिखल्या, कुरव असे पाहुणेही येतात.

पक्ष्यांसाठी १८-५५ किट लेन्स म्हणजे कुचकामी. ओहोटीला तुतवार चिखलात लांबवर चरत असतो, आणि किट लेन्समधून तो फोटोत तिळाएवढा दिसतो. दुकानदार सांगेल की फोटो क्रॉप करा. पण तीळ क्रॉप करून मोठा केला तरी तो तीळच राहतो.

डबल किटमधली ५५-२५० लेन्स घेतली तर पोच वाढते, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापाने ४०० मिलिमीटर. बगळ्याला पुरेसं, तुतवाराला नाही. याउलट निकॉनचा कूलपिक्स पी९५० हा २०२० मध्ये आलेला कॅमेरा एकाच, न निघणाऱ्या लेन्समध्ये २४ ते २००० मिलिमीटरपर्यंत जातो. डीएसएलआरवर एवढी पोच मिळवायची तर लेन्सलाच लाखांत पैसे मोजावे लागतात. सेन्सर तोच छोटा २८ चौरस मिलिमीटरचा, पण सकाळच्या स्वच्छ उन्हात, बसलेल्या पक्ष्याचा फोटो इन्स्टावर टाकायचा असेल तर तो झकास येतो.

तीच गोष्ट संध्याकाळी साडेसहाला करून बघा, फोटोत रवा सांडल्यासारखं दिसेल. उडणाऱ्या कुरवाच्या मागेही असा कॅमेरा धापा टाकत धावतो. तिथे डीएसएलआरचा आरशातून थेट दिसणारा व्ह्यूफाइंडर आणि चटकन पकडणारा फोकस वरचढ ठरतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. ऊन तापलं की चिखलावरून गरम हवेच्या लाटा उठतात. २००० मिलिमीटरवर त्या लाटाच फोटोत येतात, पक्षी वितळल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय पैशांचा नाही. भरतीचं वेळापत्रक बघून जायचं. पाणी चढायला लागलं की पक्षी आपोआप काठाकडे सरकतात. पाचशे रुपयांच्या पेट्रोलमध्ये जो झूम मिळतो, तो कुठलीच कंपनी विकत नाही.

लांब झूम हातात आला म्हणून तो कुठेही रोखायचा नाही, हेही इथल्यांना वेगळं सांगायला नको. १९६९ पासून वीज देणारं तारापूरचं अणुऊर्जा केंद्र याच पट्ट्यात आहे आणि ते प्रतिबंधित क्षेत्र आहे.

हळद, तारपा आणि रील

पैसे कमवायचे असतील तर पक्षी नाही, माणसं टिपावी लागतात. पालघरच्या हळदी रात्री रंगतात. पाड्यावरचा तारपा नाच संध्याकाळनंतर. दोन्हीकडे माणसं हलती आणि उजेड कमी. इथे पी९५० सारखा कॅमेरा नेऊ नये. किट लेन्सवाला डीएसएलआर फ्लॅशशिवाय अडखळेल. डीएसएलआर अधिक ५० मिलिमीटर एफ १.८ मात्र काम करून देईल. नाच टिपायचा तर शटरचा वेग सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावा लागतो, आणि एवढ्या वेगात पुरेसा प्रकाश आत घ्यायला ती उघडी लेन्सच लागते.

पण यजमानांना हल्ली फोटोंइतकेच रील हवे असतात. इथे स्वस्त डीएसएलआर घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत होते. कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० या दोन्हींना बाहेरचा माइक लावायची जागाच नाही. दोन्हींवर ४के व्हिडिओ नाही, स्क्रीनही बाहेर वळत नाही. १५००डी तर व्हिडिओ काढताना फोकस शोधत राहतो. जी७एक्स मार्क थ्रीला माइकची जागा आहे, ४के आहे आणि स्क्रीन वर उलटते. डीएसएलआरमध्ये कॅनन २००डी मार्क टूला माइकची जागा आणि फिरती स्क्रीन मिळते. म्हणजे "मोठा कॅमेरा, मोठा व्हिडिओ" हे खरं नाही. दुकानात बॉडीच्या बाजूचं रबरी झाकण उघडून माइकचं भोक आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

एक इंची कॉम्पॅक्टची अडचण त्याच्या किमतीत आहे. किट लेन्ससकट मिळणाऱ्या साध्या डीएसएलआरपेक्षा तो बहुतेकदा महाग पडतो. छोटं म्हणजे स्वस्त, असं इथे नाही. आणि ऑनलाइन तीन-चार हजारांत "४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम" असं लिहिलेले अनोळखी ब्रँडचे कॅमेरे दिसतात, त्यांना हातही लावू नका. तो १६ एक्स म्हणजे डिजिटल झूम, म्हणजे फोनवर दोन बोटांनी फोटो ताणावा तसं.

मीठ, वाळू आणि बुरशी

पुण्या-नाशिकच्या माणसाला हा मुद्दा किरकोळ वाटेल. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो पहिला वाटायला हवा.

केळव्याची वाळू बारीक. कॉम्पॅक्टची लेन्स चालू केल्यावर नळीसारखी बाहेर येते आणि बंद केल्यावर आत जाते, जाताना वाळूचे कण घेऊन जाते. मग एक दिवस करकर आवाज येतो, स्क्रीनवर लेन्स एरर झळकतो आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवीन कॅमेऱ्याची चौकशी करायला लागतो. डीएसएलआरला हा धोका कमी, पण समुद्रावर उभं राहून लेन्स बदलली तर वाळू थेट आत. लेन्स गाडीत किंवा घरी बदलूनच निघायचं.

पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो. चार महिने दमट हवेत बॅगेत बंद पडलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. डीएसएलआरची लेन्स काढून साफ करायला देता येते, फारच खराब झाली तर दुसरी घेता येते. कॉम्पॅक्टची लेन्स गेली की कॅमेराच गेला. दोन्हींसाठी इलाज एकच आणि स्वस्त. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणं. डब्यात तांदूळ टाकू नका, त्याची पूड काचेवर बसते.

शिवाय रोजचं लोकलचं गणित. २०१३ पासून विरार-डहाणू लोकल सुरू झाली आणि सफाळे, केळवे रोडची माणसं त्या गर्दीत आली. त्या गर्दीत डीएसएलआरची बॅग छातीशी धरून उभं राहायचं की खिशात कॅमेरा टाकून, हा प्रश्न छोटा नाही. जो कॅमेरा जड वाटून घरी राहतो, तो फुकट गेला.

डीएसएलआर संपत चाललाय का?

चाललाय, हे खरं. सिपा या जपानी संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाजारात गेले होते, २०२४ मध्ये हा आकडा ८५ लाखांच्या आसपास होता. उरलेल्या बाजारात कंपन्यांचं सगळं लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. निकॉनने २०१८ चा डी३५०० बंद केला. नव्याने, पूर्ण किंमत मोजून कॅमेरा घेणाऱ्याने २०२३ चा कॅनन आर५० किंवा २०२२ चा निकॉन झेड३० एकदा हातात धरून बघावा.

पण याच कारणामुळे वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स स्वस्त झाल्यात, आणि चाळीस हजारांत दोन लेन्ससकट संच जमवायचा तर तोच रस्ता सोपा आहे. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून पुढे मिररलेसवरही चालतात, म्हणजे ते पैसे बुडत नाहीत. निकॉनच्या बाबतीत सांभाळा. डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ५० मिलिमीटरची जुनी "एएफ-डी" लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. "एएफ-एस" किंवा "एएफ-पी" लिहिलेली लेन्सच घ्या.

वापरलेला कॅमेरा बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च पुरतो. लेन्स काढून मागून उजेड पाडा आणि पुढून बघा, जाळं किंवा धुरकट डाग दिसला तर परत फिरा, किनाऱ्यावरचा कॅमेरा असेल तर दोनदा बघा. किती फोटो काढून झालेत, म्हणजे शटर काउंट, तो विचारा. डी३५०० च्या शटरची चाचणी एक लाख वेळांची आहे, त्यामुळे ऐंशी हजार झालेला कॅमेरा नव्याच्या भावात घ्यायचा नसतो. कॉम्पॅक्ट असेल तर लेन्स चार-पाच वेळा आत-बाहेर करून कान लावून ऐका. मूळ बिल मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवून बघा. बिल हरवलं म्हणणाऱ्याकडून, कितीही स्वस्त देत असला तरी, कॅमेरा घेऊ नका.