नाव नको, पिढी पाहा

शाळा-कॉलेजे सुरू होण्याच्या दिवसांत कर्जत, नेरळ, खोपोलीकडच्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो : मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे, कमी पैशात कोणता टिकेल? कष्टाच्या पैशाची वस्तू सात-आठ वर्षे तरी चालली पाहिजे. म्हणून या वेळी आम्ही कॉम्प्युटरच्या मेंदूविषयी, म्हणजे प्रोसेसरविषयी लिहीत आहोत.

जुन्या मालाच्या बाजारात 'आय-सेव्हन' म्हणून स्वस्तात डबा दाखवतात. वाचकहो, नावाला भुलू नका, पुढचा आकडा वाचा. आय-सेव्हन ४७७० हा २०१३ सालचा, चौथ्या पिढीचा. आय-थ्री १२१०० हा २०२२ सालचा, बाराव्या पिढीचा. दोघांनाही चारच कोअर; पण नावाने धाकटा असलेला आय-थ्री कामाला थोरला आहे आणि वीजही कमी खातो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी किंवा पुढची पिढी लागते. जुना डबा घरात असेल तर तो फेकू नका. फुकट मिळणारे लिनक्स घालून मुलांचा अभ्यास त्यावर होतो. पण नव्याने पैसे त्यात घालू नका.

नवा घेताना आय-थ्री १२१०० किंवा सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी यांचे भाव विचारा. दोन्हींत चित्र दाखवण्याची सोय आतच आहे, वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही. इंटेलच्या आकड्यामागे 'एफ' असेल तर ही सोय नसते, हे विसरू नका. पुढे फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर २०२२ साली आलेल्या एएम-५ बोर्डाचा भाव काढा. तो महाग पडतो, त्याला रॅमही डीडीआर-५ लागते. पैसे उरले तर महागड्या प्रोसेसरपेक्षा सोळा जीबी रॅम, एसएसडी आणि चांगला यूपीएस घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात यूपीएस हवाच.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. निघण्यापूर्वी प्रोसेसरचा पूर्ण आकडा कागदावर लिहा, खोक्यावर तोच आहे का पाहा आणि पक्क्या बिलावर तोच लिहून घ्या.