शेटलंडचें विणकाम : एक जोडधंदा व त्याचा मोबदला

शेतीच्या जोडीस घरांत कांहीं उद्योग असावा, हें तत्त्व आमच्या वाचकांस नवें नाहीं. तथापि असा उद्योग हातीं असूनही घरांत पैसा कां खेळत नाहीं, ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांतील शेतकरी स्त्रियांच्या विणकामाचा इतिहास ह्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तें विणकाम कसें करतात, त्यांतील कोणत्या युक्ति आपल्या घरीं करून पाहतां येतील, आणि त्या कष्टांचा मोबदला कोणाच्या पदरांत पडला, हें आम्ही येथें सांगत आहों.

शेटलंडची हवा थंड व वादळी, आणि शेतें लहान. एकोणिसाव्या शतकांत पुरुष मासेमारीसाठीं समुद्रावर जात व शेत, गाय आणि मेंढरें हीं सारीं स्त्रियांच्या अंगावर पडत. जळणाची माती पाठीवरच्या टोपलींतून वाहून आणतांनाही ह्या स्त्रिया चालतां चालतां विणीत असत. कमरेच्या चामडी पट्ट्यास घोड्याचे केंस भरलेली एक लहानशी उशी असे व तीस भोंकें पाडलेलीं असत. उजव्या सुईचें टोक त्यांतील एका भोंकांत रोवलें, कीं सुईचा भार पट्टा घेई आणि बोटें धागा फिरविण्यास मोकळीं राहत.

तेथील मेंढी लहान, परंतु तिची लोकर मऊ आणि पांढरी, करडी, तपकिरी, काळी अशा अनेक रंगांची असते. उन्हाळ्याच्या तोंडीं ही लोकर आपोआप सुटूं लागते. तेव्हां ती कातरीनें न कापतां हातानें उपटून घेण्याची जुनी रीत होती. मानेजवळची सर्वांत बारीक लोकर जाळीदार शालींसाठीं राखून ठेवीत. अशी शाल बोटांतील अंगठींतून ओढून काढतां येई. आमच्या धनगर बंधूंची दख्खनी लोकर जाड व राठ असते. ती घोंगडीस उत्तम, परंतु अंगालगतच्या कपड्यास टोंचते. म्हणून पुढील नमुने विणूं इच्छिणारांनीं मऊ लोकर किंवा सुताचा जाड धागा घ्यावा.

पहिला नियम मोजमापाचा. बंडी विणण्यापूर्वीं त्याच धाग्याचा व त्याच सुयांचा हातभर नव्हे, पण वीतभर तुकडा विणून, धुवून, वाळवून त्यावरील टाके मोजावे. समजा, दहा सेंटिमीटरांत २२ टाके बसले, तर ९० सेंटिमीटर घेरास १९८ टाके लागतील. परंतु विणणाराचा हात सैल असून दहा सेंटिमीटरांत २० च टाके बसले, तर त्याच १९८ टाक्यांचा घेर ९९ सेंटिमीटर होईल. दोन टाक्यांच्या चुकीनें बंडी नऊ सेंटिमीटर ढगळ होते, हें ध्यानांत ठेवावें.

आतां एक जुना शेटलंडी नमुना सांगतों. ह्यांत समुद्राच्या लाटांसारखी नक्षी उठते. घाट १८ टाक्यांचा आहे. दोन घाट व दोन्ही कडांस दोन दोन टाके मिळून ४० टाके घालावे. कडांचे टाके प्रत्येक ओळींत सुलट विणावे. पहिली ओळ सर्व सुलट, दुसरी सर्व उलट. तिसऱ्या ओळींत प्रत्येक घाटास असें करावें : दोन दोन टाके एकत्र, असें तीन वेळां, मग सुईवर धागा घेऊन एक सुलट, असें सहा वेळां, पुन्हां दोन दोन टाके एकत्र, असें तीन वेळां. चौथी ओळ सर्व सुलट. ह्या चार ओळी पुन्हां पुन्हां विणाव्या. सहा टाके कमी होतात व सहाच नवे येतात, म्हणून एकूण संख्या बदलत नाहीं. ओळीच्या शेवटीं टाके मोजावे. चूक तेथल्या तेथें सांपडते.

ह्याच बेटांच्या दक्षिणेस फेअर आयल नांवाचें लहान बेट आहे. तेथील रंगीत विणींत सबंध कपड्यास कितीही रंग असोत, एका ओळींत दोनच रंग असतात. जो रंग कामांत नाहीं त्याचा धागा मागून सैल नेतात. तो पांच-सहा टाक्यांपेक्षां लांब लोंबकळूं देऊं नये; नाहीं तर बोट किंवा बटण अडकतें. चौकटींच्या कागदावर नमुना आधीं काढून घ्यावा. ही नक्षी १५८८ सालीं तेथें फुटलेल्या स्पॅनिश जहाजावरील खलाशांनीं शिकविली अशी दंतकथा आहे, पण तीस पुरावा नाहीं. १९२२ सालीं इंग्लंडच्या युवराजांनीं अशी बंडी गोल्फच्या मैदानावर घातली व तिची फॅशन सर्वत्र पसरली.

एवढें कौशल्य असतां ह्या स्त्रिया गरीबच राहिल्या. ह्याचें कारण १८७२ सालच्या सरकारी चौकशींत उघडकीस आलें. विल्यम गथ्री ह्या चौकशी अधिकाऱ्यापुढें स्त्रियांनीं सांगितलें, कीं व्यापारी विणलेल्या मालाबद्दल रोख पैसे न देतां चहा व कापड देत. शिल्लक रकमेची चिठ्ठी मिळे, पण तीही त्याच दुकानांत चाले. घरांत पीठ नसेल, तर मिळालेला चहा शेजारणीस तोट्यानें देऊन पीठ घ्यावें लागे. १८८७ सालीं कायदा सुधारला, तरी ही चाल एकदम गेली नाहीं. पुढें १९७० नंतर उत्तर समुद्रांतील तेलाचा धंदा आला व रोख पगार मिळूं लागला, तेव्हां पुष्कळ स्त्रियांनीं सुया खालीं ठेवल्या.

१८७२ नंतर तीनच वर्षांनीं, १८७५ च्या मे महिन्यांत, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, व त्यांतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला. दोन्ही ठिकाणीं कष्ट करणाराचा हिशेब दुसऱ्याच्या वहींत होता. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें आपणांस निराळा मार्ग दाखविला. तोच घरगुती उद्योगासही लागू आहे.

म्हणून ज्या घरीं विणकाम सुरू होईल, तेथें धाग्याची किंमत व लागलेले तास विणणारीनेंच वहींत टिपावे, माल रोखीनें द्यावा, आणि पांच-दहा घरांनीं मिळून एकच भाव सांगावा. घरांतील लेकीसुनांस नमुना शिकवितांना ही वहीही त्यांच्या हातीं द्यावी, एवढी आमची वाचकांस विनंती आहे.