तिळाएवढा गोचीड

दिवाळी म्हणजे इथे, ईशान्य अमेरिकेत, पानगळीचे दिवस. थंडी पडली की गोचीड संपले, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. काळ्या पायांचा गोचीड पूर्ण वाढतो तो नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि पारा गोठणबिंदूच्या वर असला तर जानेवारीतही तो गवताच्या टोकावर वाट पाहत असतो. मुलं भारतात जाताना त्यांचा कुत्रा तुमच्याकडे ठेवून जात असतील, तर पुढचं जरूर वाचा.

गावाकडे गाई-म्हशींच्या अंगावरचे टपोरे गोचीड आपण पाहिलेले असतात. इथे तसा शोधाल तर फसाल. टपोरा झाला म्हणजे तो भरपूर रक्त पिऊन बसला आहे. न फुगलेला मोठा गोचीड तिळाएवढा असतो, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला निघणारं त्याचं पिल्लू अनारशावरच्या खसखशीएवढं! म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, बोटांनी चाचपा. फिरून आल्यावर केसांच्या उलट दिशेने हात फिरवा. कान आतून-बाहेरून, पापण्या, पट्टा काढून गळा, बगला, जांघा, शेपटीचं मूळ, बोटांच्या बेचक्या.

हे रोज करायचं, कारण लायमचा जंतू गोचिडाच्या आतड्यात असतो. तिथून लाळेत येऊन कुत्र्याच्या अंगात उतरायला त्याला सहसा २४ तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढा अवधी आपल्या हातात असतो. (लायम हे कनेक्टिकटमधलं गाव. १९७०च्या दशकात तिथल्या मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून आजाराला हे नाव पडलं. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्याचा जंतू जगापुढे आणला.)

गोचीड सापडला की रॉकेल, तंबाखू, जळती काडी, व्हॅसलीन यांतलं काही नको. आजीच्या बटव्याला माझा नमस्कार, पण इथे तो बंदच ठेवा. डिवचलेला गोचीड पोटातलं आणखी आत सोडू शकतो. बारीक टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला करा, गोचिडाला अगदी कातडीलगत धरा आणि सरळ वर, सावकाश, एकसारखं ओढा. पिळू नका, हिसका देऊ नका. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल, तर कोरत बसू नका. कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा आणि हात साबणाने धुवा. गोचीड बोटांनी चिरडायचा नाही. झिपच्या पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवता येतो.

कुत्र्याच्या अंगावर माणसासारखा लाल चट्टा शोधत बसू नका. लंगडणं, ताप, खाण्यावरची वासना उडणं ही त्याची लक्षणं, आणि तीही कधीकधी काही महिन्यांनी दिसतात. कुत्र्यांसाठी लायमची लस आहे, गोचीड मारणारी औषधंही आहेत. पशुवैद्यांना विचारून घ्या. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला चुकूनही लावू नका. पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजरीच्या जिवावर बेततं.

कुत्र्याचं झालं की स्वतःचंही बघा: गुडघ्यामागे, काखेत, लेंग्याच्या नाडीपाशी.