खारींपासून छपरांचे संरक्षण
खारींपासून छपरांचे संरक्षण : घर, गोठा, धान्याची कोठी, अवजारांची खोली इत्यादींच्या छपरांत खारी खोपे करतात व तेथील वस्तू कुरतडतात. हे नुकसान टाळण्याच्या उपायांचा येथे मुख्यतः सातारा जिल्ह्यातील शिरवळ (ता. खंडाळा) व नीरा नदीकाठच्या परिसरातील बांधकामांच्या संदर्भात विचार केला आहे.

खार हा कृंतक गणाच्या सायुरिडी कुलातील प्राणी आहे. महाराष्ट्रात मनुष्यवस्तीजवळ पाठीवर तीन किंवा पाच पट्टे असलेल्या लहान खारी आढळतात. त्यांचे वजन सु. १०० ग्रॅ. असते. शेकरू ही मोठी खार दाट जंगलातील वृक्षांवर राहते. घरांस तिचा उपद्रव होत नाही. कृंतकांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडणे ही त्यांची शारीरिक गरज असते. त्यामुळे केवळ खाद्य हलविल्याने कुरतडणे पूर्णपणे थांबत नाही.

नुकसानीचे स्वरूप : कौले सरकण्याचे मूळ कारण बहुधा वारा किंवा वानरे असतात, खार त्यामुळे पडलेल्या फटीतून आत शिरते. गवत, काथ्या, चिंध्या, कापूस यांचा खोपा कौलांखाली झाला की पावसाचे पाणी तुंबते, रिपा व वासे भिजून कुजतात. सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्यांच्या छपरांत पन्हळीच्या टोकाशी राहिलेली पोकळी तिला पुरते. भुईमूग व धान्याची पोती फोडली जातात. सर्वांत गंभीर धोका विजेच्या तारांचा होय. त्यांचे वेष्टन कुरतडले गेल्यास ठिणगी पडून जवळच्या कडब्यास आग लागू शकते.

उंदीर प्रामुख्याने रात्री, तर खार दिवसा वावरते. म्हणून दिवसा छपरात खडखड व चिरचिर ऐकू येत असल्यास खारीचा संशय घ्यावा.

प्रतिबंधक उपाय : पावसाळ्यापूर्वीची शाकारणी हा तपासणीचा योग्य काळ होय. फुटकी कौले बदलावीत. आढ्याची कौले चुन्याच्या अथवा सिमेंटच्या मसाल्यात पक्की बसवावीत. वळचणीतील फटी व झरोके यांना एक सेंमी.हून लहान छिद्रांची जस्तलेपित तारेची जाळी बसवावी; त्यामुळे हवा खेळती राहते. प्लॅस्टिकची जाळी, चिंध्या किंवा लाकडी पट्ट्या खार कुरतडते. आंबा, चिंच इ. झाडांच्या छपरावर झुकलेल्या फांद्या दोन-तीन मी. मागे छाटाव्यात. तारा धातूच्या नळीतून न्याव्यात व धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे.

फट बुजविण्यापूर्वी आत प्राणी नाही याची खात्री करणे आवश्यक असते. त्यासाठी भोकात गवताचा सैल बोळा ठेवावा. उघडीप असताना दोन-तीन दिवस तो हलला नाही, तर जागा रिकामी समजावी. खारीचा गर्भावधी सु. सहा आठवड्यांपर्यंत असतो व पिले काही आठवडे खोप्यातच राहतात. पिले असताना भोक बुजविल्यास ती आत मरून दुर्गंधी सुटते व बाहेर अडकलेली मादी दुसरीकडून छप्पर फोडू पाहते. अशा वेळी पिले बाहेर पडेपर्यंत थांबावे. रात्री भोक बंद केल्यास खारी आतच कोंडल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे.

विषप्रयोग अयोग्य होय. विषामुळे कोंबड्या, मांजरे व पक्षी यांना धोका पोहोचतो. शिवाय प्रवेशमार्ग उघडा राहिल्यास मेलेल्या खारीच्या जागी दुसरी येते. रामाच्या सेतुबंधनातील खारीच्या कथेमुळे लोकही तिला सहसा मारीत नाहीत. प्रवेशमार्ग वेळीच बंद करणे हाच कमी खर्चाचा व टिकाऊ उपाय ठरतो.