पाऊस निमित्तमात्र: खाणगाळाच्या बांधांविषयी काही गैरसमज

खनिज दळून धातू काढून घेतला की पाण्यात कालवलेली बारीक भुकटी उरते. खाणवाले तिला टेलिंग्ज म्हणतात. ती साठवायला बांध घालतात आणि तो फुटला की ठरलेले उत्तर मिळते: ‘पाऊसच तसा झाला.’

गैरसमज: असा बांध फोडायला न भूतो असा पाऊस लागतो.

22 फेब्रुवारी 1994 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या मेरीस्प्राइट वस्तीवर वादळी पाऊस झाला. अर्ध्या तासात सुमारे 50 मिलिमीटर. कोकणात जुलैमध्ये दिवसभरात एवढा पाऊस पडला तर कुणी लक्षातही ठेवत नाही. त्या रात्री वस्तीच्या वरच्या अंगाचा, सोन्याच्या खाणीचा 31 मीटर उंच बांध फुटला. सुमारे सहा लाख घनमीटर गाळ घरांवर आला आणि 17 माणसे गेली.

अशा तलावात पाणी भिंतीपासून लांब, निचऱ्याच्या मनोऱ्याभोवती राहायला हवे. इथे भिंतीचा पायथा घसरू लागल्याने गाळ टाकणे कागदोपत्री थांबले होते, तरी खाणीचे सांडपाणी येतच होते. त्यातल्या गाळाने डबके उलट्या बाजूला, थेट उत्तरेच्या भिंतीशी ढकलले. पाण्याची पातळी आणि भिंतीचा माथा यांत मोकळी उंची जवळपास उरलीच नव्हती. पाणी माथ्यावरून वाहिले, त्याने उतार कापला आणि मागचा ओला गाळ पातळ होऊन धावला. याला अस्मानी म्हणणे मला पटत नाही.

म्हणून स्थैर्य तपासताना भिंतीच्या ताकदीआधी पाण्याचा हिशेब मांडतात. 100 हेक्टरांच्या तलावावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर पाणी, शेजारच्या डोंगरावरून येणारे वेगळेच. सांडवा नसेल तर एका सरीच्या जोरापेक्षा सलग काही दिवसांचा एकूण पाऊस घातक ठरतो. निचऱ्याचा पाइप नेमका तेव्हाच तुंबेल असेही धरावे लागते.

गैरसमज: शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर हिशेबात धरला की झाले.

त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांत ती 26 टक्क्यांवर जाते, शंभर वर्षांत 63 वर. खाण बंद पडते, गाळ तिथेच राहतो. 2020 च्या जागतिक मानकाने सर्वांत घातक वर्गातल्या बांधांसाठी दहा हजार वर्षांतून एकदाचा पूर धरायला सांगितला आहे, तो याचसाठी.

गैरसमज: वादळ सरले, भिंत उभी आहे, म्हणजे धोका टळला.

25 जानेवारी 2019 रोजी ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्यो इथला लोहखनिजाचा बांध भर दुपारी कोसळला. तेव्हा वादळ नव्हते, गाळ टाकणे 2016 मध्येच थांबले होते आणि काही महिन्यांपूर्वीच स्थैर्याचे प्रमाणपत्र मिळाले होते. 270 जण मेले. तज्ज्ञ समितीला दोन कारणे सापडली: आतल्या आत हळूहळू चाललेली सरक आणि पावसाचे पाणी मुरून वरच्या थरांची घटलेली पकड. सैल, ओला गाळ अचानक दबला की पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मग कणांची पकड सुटते आणि घट्ट दिसणारी भिंत वाहू लागते. पाणी निघून जाईल असे गृहीत धरून काढलेला 1.5 चा सुरक्षा गुणांक, ते अडकेल असे धरले की 1 च्या आसपास, म्हणजे कोसळण्याच्या उंबरठ्यावर, येऊ शकतो. दुसरे गणित न दाखवणारा अहवाल अपुराच समजावा.

गैरसमज: हे धरणासारखेच धरण.

नाही. पाण्याचे धरण एकदा बांधून पुरे होते. हा बांध वर्षानुवर्षे चढवत नेतात, पुष्कळदा गाळाचाच, आणि कधी कधी नवा थर जुन्या ओल्या गाळावरच बसतो. ब्रुमाडिन्योची भिंत अशीच उभी राहिली होती. ब्राझीलने 2019 मध्ये या पद्धतीवर बंदी घातली.

हे प्रश्न नागपूरपासूनही दूर नाहीत. जुलै 2022 च्या मुसळधार पावसात कोराडी वीज केंद्राचा खसाळा राख तलाव फुटला. तो खाणीचा नव्हता, पण ओल्या राखेच्या तलावालाही पाण्याचा हाच हिशेब लागतो. तुमच्या भागात अशा प्रकल्पाची जनसुनावणी असेल, तर ‘किती पाऊस सोसेल?’ एवढ्यावर थांबू नका. पाणी भिंतीपासून किती लांब राहील, निचरा तुंबला तर ते कुठून जाईल आणि बांध फुटलाच तर गाळ कुणाच्या घरापर्यंत येईल याचा नकाशा मागा.